आणि आणखी एक आवाज

विमल,

तू गेल्याचं मला अणदूरच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं. आम्ही दूध केंद्रात सकाळचे कॅन उतरवून घेत होतो. तो म्हणाला, "तुमच्या विमलबाई वारल्या वो. सोलापूरला, दवाखान्यात." मी बरं म्हणाले आणि पुढच्या कॅनचं झाकण उघडलं. त्या दिवशी सगळ्या गावांचं दूध घेतलं. नळीत दुधाचं फॅट काढायला तुझ्या टेबलावर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते कामही मीच केलं, आणि एकही नळी फुटली नाही. केंद्रातली माणसं नंतर आपसात म्हणाली की कौसल्याबाईचं काळीज दगडाचं आहे. असेल. मला तरी त्या दिवशी आत काही हललेलं जाणवलं नाही. दूध गार करायचं मशीन सुरू झालं तेव्हा मात्र मी तुझ्या टेबलाकडं बघितलं, कारण मशीन सुरू झालं की तू मान वर करायचीस.

हे लिहायला मला तुझ्या भावानं, सिद्धार्थदादानं सांगितलं. तो मस्कतहून आला तोवर तुला पोचवून तीन दिवस झाले होते. म्हणाला, "माणसं सांगतेत, पोरगी हुशार होती, नोकरीला लागली, घराचं नाव काढलं. गाण्याचं कुणीच काढत न्हाई. तू तिच्याजवळ होतीस, तू लिही." मी म्हणाले, दादा, मला कुठं लिहायला येतं. तो म्हणाला, "मग तिला सांगतीस तसं लिही."

म्हणून तुला सांगते आहे. यातलं बरंच तुला माहीत आहे. सगळं नाही.

आपली ओळख खडी फोडताना झाली. बहात्तरच्या दुष्काळात अणदूरच्या पुढं रस्त्याचं काम निघालं होतं आणि निम्मं गाव तिथं होतं. आमची मेंढरं त्या वर्षी चाऱ्यावाचून गेली, म्हणून माझी आई आली होती. तुमच्याकडं तर आधीपासून मजुरीच होती. तुझी आई गयामाय आणि माझी आई शेजारी शेजारी बसायच्या, त्यांच्यामागं आपण दोघी. अकरा-बारा वर्षांच्या असू. हजेरीपटावर आपलं नाव नव्हतं, पण हातात हातोडी होती. बाकीची पोरं दगडावर कशीही मारायची. तू ठरल्या वेळानं मारायचीस आणि मधल्या वेळात तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचीस. मुकादम म्हणायचा, "ए पोरी, लग्नाला आलीस का?" तू गप्प व्हायचीस आणि तो पुढं गेला की जिथं सोडलं होतंस तिथून पुन्हा धरायचीस.

दुपारी सुकडी मिळायची. पिवळी, भरडी, गोड. मोठी माणसं तोंड वेडीवाकडी करून खायची, कारण ती सरकारनं वाटलेली होती आणि वाटलेलं खाण्याची त्यांना लाज होती. तू आणि मी बोटं चाटायचो. पुढं तू यावरच गाणं केलंस आणि केवढा गोंधळ झाला.

मॅट्रिक झाल्यावर माझं लग्न झालं, मी जळकोटला आले. सहकारी दूध संघानं हायवेला शीतकरण केंद्र काढलं तेव्हा मला कॅन मोजून घ्यायचं काम मिळालं. वर्षाच्या आत तू आलीस, तपासणीला. तुझं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त होतं, तुला टेबल-खुर्ची होती. तीसेक पुरुषांत आपण दोघीच बायका. पहिल्या दिवशी तू मला ओळखलंस की नाही ते कळेना. मग तू दुधाची नळी उजेडात धरून बघता बघता म्हणालीस, "कौसे, तुझ्या आईनं सगळी मेंढरं इकली व्हती का थोडी ठिवली व्हती?" दहा वर्षांनी तू हेच विचारलंस. मी म्हणाले, दोन ठेवली होती. तू म्हणालीस, "बरं केलं," आणि पुढची नळी उचललीस.

त्या केंद्राचं मशीन सगळ्यांना नकोसं वाटायचं. दिवसभर गुंऽऽ करत राहायचं, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. तुला ते आवडायचं. एकदा तू मला जवळ बोलावून म्हणालीस, "ऐक. काळी दोन." मला काळी दोन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "ह्याचा सूर आहे. एकच आहे, पण हलत न्हाई. माणसाचा हलतो." मग त्या आवाजाला धरून तू इतक्या हळू काहीतरी म्हणालीस की ते मला ऐकू आलं नाही, फक्त तुझा गळा हलताना दिसला.

सिद्धार्थदादानं मस्कतहून तुला ती पेटी पाठवली, तेव्हा तुझ्या घरी सगळ्यांना वाटलं की टेपरेकॉर्डर आला. बॅटरीवर चालणारी, हातभर लांब, प्लॅस्टिकची पेटी. भाता नाही, फुंकर नाही, बटण दाबलं की आवाज. एका बटणात बासरी, एकात व्हायोलिन, एकात घंटा. तुझ्या काकांनी बासरीचं बटण दाबून बघितलं आणि म्हणाले, "ही काय बासरी व्हय? बासरीचं सोंग हाय." तू म्हणालीस, म्हणूनच मी ते बटण दाबत नाही. तू शोधून काढलेला आवाज कशासारखाच नव्हता. थोडा लांबून येणारा, कडा नसलेला, दाबला की हळूच उगवायचा आणि सोडला तरी लगेच जायचा नाही. खालचा एक सूर सारखा वाजत राहावा म्हणून तू जुन्या कंगव्याचा तुकडा पट्ट्यांच्या मध्ये खोचून ठेवायचीस आणि उरलेल्या एका हातानं वाजवायचीस. मी विचारलं, दुसरा हात कशाला मोकळा ठेवतेस? म्हणालीस, "कागद धरायला. मला माझंच पाठ राहात न्हाई."

तुझे काका विहारातली गायन पार्टी चालवायचे. ढोलकी, झांज, कोरस, भारदस्त आवाज. जयंतीला त्यांची गाणी ऐकायला आम्हीसुद्धा यायचो, लांब उभे राहायचो आणि अंगावर काटा यायचा. तू लहानपणापासून त्यात गायलीस. सगळ्यांना वाटायचं, आता शिकलेली पोरगी आहे, स्वतः रचते, ही पार्टी पुढं नेईल. आणि तू त्यांना सुकडीचं गाणं म्हणून दाखवलंस. त्या दिवशी मी तुझ्या घरी होते, म्हणून मला आठवतं.

"सुकडी गोड लागली होती,
बोटं चाटून खाल्ली होती,
आई तोंड फिरवून बसली,
मी तिची पण खाल्ली होती."

एवढंच, पुन्हा पुन्हा. मागं ती पेटी, मशीनसारखी. काकांनी हात लांबवून पेटीचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "विमल, आपुन लढून उठलेली माणसं. आपल्या गाण्यानं माणूस उठून हुबा राह्यला पायजे. आन् तू काय गातीस? सुकडी गोड लागली?"

"काका, गोड लागली व्हती का न्हाई?"

"लागली व्हती. म्या बी खाल्ली. म्हनून काय गायचं का ते?"

"मग कुठं सांगायचं?"

काका उठून बाहेर गेले. ते वाईट माणूस नव्हते. तुझ्यावर त्यांचा जीव होता. पण त्या दिवसापासून त्यांनी तुला पार्टीत बोलावलं नाही आणि तूही गेली नाहीस. खरं सांगू का, मला तेव्हा काकांचंच पटलं होतं. मी तुला म्हणाले होते, हे रडगाणं आहे, कोण ऐकेल? तू चिडली नाहीस. म्हणालीस, "रडणं निराळं आन् हळू बोलणं निराळं." हा वाद आपण नंतर कितीदा घातला. दूध नासलं की मी म्हणायचे, हे बघ, तुझं गाणं ऐकलं त्यानं. तू हसायचीस. तो वाद काही मिटला नाही. मी अजूनही म्हणते की तुझ्या कॅसेटच्या आठ गाण्यांत एखादं तरी टाळ्या वाजवायचं हवं होतं.

कॅसेट काढायचं तू ठरवलंस त्या वर्षी पुन्हा पाऊस नव्हता. केंद्रात येणारं दूध निम्म्यावर आलं होतं, जनावरं छावणीत होती, संध्याकाळी चारला काम संपायचं. मशीन बंद झालं की आपण मागच्या ओट्यावर बसायचो. तिथंच तू मला ते गाणं पहिल्यांदा म्हणून दाखवलंस.

"ऊन उतरल्यावर ये,
दगडं निवल्यावर ये,
बोलायचं काही नसलं तरी
नुसतं बसायला ये."

म्हणून झाल्यावर तू म्हणालीस, "दुसरं कडवं मला जमत न्हाई. माझा आवाज पातळ पडतो. तू म्हण."

मी म्हणाले, मला गाता येत नाही. तू म्हणालीस, "कॅन धुताना म्हणतीस ते काय असतं?" ते आमच्या आईचं होतं. ती मेंढरांमागं चालताना गळ्यातल्या गळ्यात म्हणायची, त्याला शब्द नव्हते. मी ते म्हणते हे मलाच माहीत नव्हतं. तू महिनाभर माझ्यामागं लागलीस. मी हो म्हणाले तेव्हा मला वाटलं होतं की हे सगळं असंच राहील, ओट्यावरच.

पण तू खरंच सोलापूरला स्टुडिओ ठरवलास. मी घरी सांगितलं की संघाचं ट्रेनिंग आहे. हे त्या वेळी तालुक्याला होते, आठवड्यानं यायचे, त्यांना सांगायचा प्रश्नच आला नाही. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी ट्रेनिंग म्हणाले. त्या म्हणाल्या, "जा. येताना शेंगाची चटणी आन."

स्टुडिओ म्हणजे गल्लीतली एक खोली, भिंतींना गोणपाट लावलेलं. मालक सगळी भक्तिगीतं काढायचे. तुझी पेटी बघून म्हणाले, "बाई, ढोलकीवाला कुठंय? ढोलकीशिवाय कॅसेट चालत नाही. मी देतो बोलावून." तू म्हणालीस, ढोलकी नको. "निदान टाळ?" टाळही नको. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जसं काही मी तुला समजावून सांगीन. मग म्हणाले, "तुमची मर्जी. पंखा बंद करा, आवाज येतो." पंखा बंद केल्यावर आपण घामानं भिजलो. एकच माईक होता. तू पेटी मांडीवर घेतलीस, मी वाकून उभी राहिले, आणि माझी ओळ आली की तू डोकं बाजूला करायचीस. तुझ्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. मी एवढ्या जवळ उभी राहून कुणाबरोबर काही केलं नव्हतं. दुसऱ्या वेळी म्हटलं तेव्हा ते बरोबर झालं. मालक यंत्र बंद करून म्हणाले, "हे काय आहे ते मला समजलं नाही. पण पुसू नका."

येताना एस.टी.त तू खिडकीशी बसली होतीस. खूप खूश होतीस. आठही गाण्यांचा क्रम बोटावर म्हणत होतीस. मग म्हणालीस, "कव्हरवर तुझं नाव मोठं घालू. कौसल्या. आडनाव माहेरचं का सासरचं?"

मी म्हणाले, "नाव घालू नको."

"का?"

"घरी कळंल."

"कळू दे की. चोरी केली का आपण?"

 गाडी वाटेत एका गावाला थांबली, माणसं चढली, उतरली. गाडी सुटल्यावर तू खिडकीबाहेर बघतच विचारलंस, "गायली म्हणून, का माझ्याबरोबर गायली म्हणून?"

मी म्हणाले, "तसं न्हाई गं. आत्याबाई जुन्या आहेत."

तू मान हलवलीस. नंतर अणदूरला तू उतरेपर्यंत आपण दुष्काळाचं, छावणीचं, असलंच काहीबाही बोललो.

कॅसेट आली. 'ऊन उतरल्यावर'. फिकट पिवळं कव्हर, त्यावर काहीच चित्र नाही. मागं गाण्यांची नावं, खाली तुझं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात : आणि आणखी एक आवाज. तू एक मला दिलीस. मी ती ट्रंकेत साड्यांखाली ठेवली.

ती चालली नाही, हे तू कुणापासून लपवलं नाहीस. हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं एक दिवस लावली. ट्रकवाले म्हणाले, बंद कर बाबा, झोप येते, गाडी झाडाला घालायची आहे का. ही गोष्ट तूच सगळ्यांना हसत सांगायचीस. पण त्याच दिवशी कर्नाटकातला एक लॉरीवाला, ज्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता, चहा संपल्यावरही बसून राहिला आणि हॉटेलवाल्याकडून ती कॅसेट मागून घेऊन गेला. हे सांगताना तू हसायची नाहीस. म्हणायचीस, "आता ती गुलबर्ग्याच्या पुढं कुठंतरी वाजत असंल."

त्यानंतर आपण दीड वर्ष शेजारी शेजारी काम केलं. भांडलो नाही. मी तुझ्यासाठी भाकरी आणायचे, तू माझ्यासाठी चहाची पूड. पण तू पुन्हा मला गायला सांगितलं नाहीस. मशीन सुरू झालं की तू मान वर करायचीस, थोडा वेळ ऐकायचीस आणि कामाला लागायचीस. मला वाटायचं, ही विसरली. मला सोयीचं होतं तेच मला वाटत होतं.

या उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं आणि त्यामागं कावीळ आली. अणदूरमध्ये घराघरात माणसं पिवळी पडली. तू आठ दिवस काविळीचं गावठी औषध बांधून घेत बसलीस, मग सोलापूरला नेलं. मी एकदा भेटायला आले. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू विचारलंस, फॅट कोण काढतंय. मी म्हणाले, मीच. तू म्हणालीस, "नळी हलवताना टोपण अंगठ्यानं दाबून धर, ॲसिड उडतं." मी म्हणाले, हो. गयामाय खाली बसून तुझे पाय चेपत होती.  मला वाटलं, आता बोलावं. एस.टी.तल्या प्रश्नाचं. पण नर्स आली, आणि तुझ्या आईसमोर कसं बोलायचं, आणि तू बरी झाल्यावर ओट्यावर बसून बोलू, अशी मला तीन कारणं मिळाली. निघताना तू म्हणालीस, "येत जा." मी पुन्हा आले नाही. छावणीतून येणाऱ्या दुधाची तपासणी वाढली होती. हे चौथं कारण.

तू गेल्याचं कळलं त्या दिवशी केंद्रातून घरी जाऊन मी आत्याबाईंना म्हणाले, माझ्याबरोबर काम करणारी बाई गेली, अणदूरला जाऊन येते. त्या लुगडं बदलू लागल्या. म्हणाल्या, "म्या बी येते."

मी म्हणाले, "तुम्ही कशाला? तिकडच्या वस्तीत आहे घर."

"ठावं हाय मला कुठं हाय ते."

आम्ही टेम्पोत पुढं बसलो. आत्याबाईंनी पदर नाकाला लावला होता, डिझेलच्या वासानं. गाव दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "तिच्यासंगं गायलीस ती तूच न्हवं?"

मला आधी समजलंच नाही. "काय?"

"त्या हाटेलात वाजत व्हतं. म्या बाजाराला गेल्ते. तुजा आवाज मी रोज आईकते, दळताना, भांडी घासताना. मला कळणार न्हाई व्हय?"

"मग तुम्ही बोलला नाही कधी?"

"तू नाव घातलं न्हवतंस. म्हणलं, हिला सांगायचं न्हाई तर म्या कशाला काढू." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "का न्हाई घातलंस?"

"तुम्ही काय म्हणाल म्हणून."

आत्याबाईंनी विचार केला. त्या खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "बोलले असते. दोन दीस बोलले असते. मग गप बसले असते."

दोन दिवस. विमल, मी त्या दोन दिवसांना घाबरले.

आणि तेसुद्धा पूर्ण खरं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला एस.टी.तच माहीत होतं. गायली म्हणून नव्हे. आमच्यात बायका गातात. तुझ्याबरोबर गायली म्हणून. आत्याबाईंचं नाव मी पुढं केलं, कारण ते करणं सोपं होतं. खडीच्या कामावर पाणी वाढायची पाळी माझी असली की मी तुझ्या ओंजळीत वरून धार धरायचे, भांडं तुझ्या हाताला लागू नये अशी. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, मी आईचं बघून शिकले होते. केंद्रात तुझ्या डब्यातलं मी खाल्लं, तुझ्या पेल्यातून चहा प्याले, आणि मला वाटलं, ते संपलं. मग छापायची वेळ आली आणि माझा हात पुन्हा वर गेला. तू मला ओंजळीची गोष्ट कधी ऐकवली नाहीस. तुझ्या आठ गाण्यांतही ती नाही. मी ट्रंकेतून काढून आठही गाणी परवा नीट ऐकली, दोन्ही बाजू, एवढ्याचसाठी. नाही.

सिद्धार्थदादा सोलापूरला स्टुडिओत जाऊन आला. त्याला जास्तीच्या कॅसेट काढायच्या होत्या. मालक म्हणाले, मूळ टेपवर दुसऱ्या कुणाचं तरी भरलं गेलं, टेप कमी पडतात. त्यांना वाईट वाटलं म्हणे. म्हणजे आता जेवढ्या विकल्या आणि वाटल्या तेवढ्याच. नवं कव्हर कधी छापलं जाणार नाही. दादा मला हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. त्याला आवाज कुणाचा ते माहीत नव्हतं. तो फक्त बहिणीची वस्तू गेली म्हणून हळहळत होता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा आलो. विहारात पांढऱ्या साड्यांच्या बायका, मेणबत्त्या, वंदना. आत्याबाई मागं भिंतीला टेकून बसल्या. त्यांना वंदना येत नव्हती, पण सगळ्यांनी हात जोडले तेव्हा त्यांनीही जोडले. दोघं-तिघं तुझ्याबद्दल बोलले. मग तुझे काका उठले. पार्टी सगळी होती, ढोलकी होती. ते म्हणाले, "आमी आज वाजवणार न्हाई. तिला ढोलकी नको असायची." आणि खाली बसले. मला वाटतं, तुमचा वाद त्यांनी त्यांच्या बाजूनं तेवढ्यावर मिटवला.

मग कुणी उठेना. मी उठले. मी म्हणाले, "विमलच्या कॅसेटमधला दुसरा आवाज माझा आहे. माझं नाव कौसल्या. मीच नाव घालू दिलं नव्हतं. मी तिच्याबरोबर गायले हे लोकांना कळू नये म्हणून." मी एवढं सरळ बोलेन असं मला वाटलं नव्हतं. काही माणसांनी खाली बघितलं. कुणी मला बस म्हणालं नाही, कुणी शाबासही म्हणालं नाही.

मग मी ते गाणं म्हणाले. चांगलं झालं नाही. पेटी नव्हती, पट्टी उंच धरली गेली, तुझ्या कडव्यात माझा आवाज फाटला. माझ्या कडव्याला मात्र बरं लागलं. संपल्यावर कुणी काही केलं नाही, आणि तुझ्या गाण्यांनंतर असंच होत असे, हे मला माहीत होतं.

लोक जेवायला उठले तेव्हा गयामाय माझ्याजवळ आली. मी पाया पडायला वाकले तर तिनं खांदा धरला. तिचे हात अजून खडी फोडणारीचे आहेत.

"म्या लई डाव इचारलं तिला," ती म्हणाली, "ही दुसरी कोण म्हणती गं, लई गोड हाय. तिनं कधी सांगितलं न्हाई. दवाखान्यात बी इचारलं, तू येऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनली, आई, तिचं तिला सांगू दे."

मला वाटलं आता मी रडेन, पण तसं झालं नाही. मी उभी राहिले.

गयामाय म्हणाली, "सांगितलंस न्हवं. आता चल, जेव."

पंगत पडली होती. आत्याबाई आधीच बसल्या होत्या, तुमच्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये, आणि खीर पातळ झाली आहे असं त्यातल्या एकीला सांगत होत्या. त्यांनी सरकून जागा केली. मी बसले.